दगड, वीट आणि मी

लातूर सोडून न्यू जर्सीतल्या एडिसनला आले ती १९९९ साली. नागरिकत्वाची शपथ घेतली २०११मध्ये, नेवार्कला. सभागृहाबाहेर टेबल मांडून बसलेल्या बायकांनी त्याच दिवशी मतदार नोंदणीचा अर्ज हातात ठेवला. त्यात पक्षाचा एक रकाना होता, तो मी कोरा सोडला. आमचे वडील मत कुणाला दिलं ते आईलाही सांगायचे नाहीत, आणि इथे सरकारी कागदावर पक्ष लिहा म्हणतात! पुढच्या वर्षांत मी डेमोक्रॅटांना मत दिलं, रिपब्लिकनांना दिलं, एकदा तिसऱ्यालाही दिलं, आणि एकदा केंद्राच्या दारातून हात हलवत परत आले. त्यातून जे कळलं ते असं.

१. आधी गणित बघावं, मग शिव्या द्याव्यात.

पहिली काही वर्षं मला वाटायचं, इथल्या लोकांना कल्पकताच नाही. एवढा अवाढव्य देश आणि दुकानं दोन. आमच्या गल्लीतले एक म्हातारे शेजारी, निवृत्त यंत्रकामगार, त्यांनी मला जागेवर आणलं. १९९२ला त्यांनी रॉस पेरोला मत दिलं होतं. पेरो हा टेक्ससचा उद्योगपती, कुठल्याच पक्षाचा नव्हे. त्याला जवळजवळ १ कोटी ९७ लाख मतं पडली, म्हणजे दर शंभरातली एकोणीस. अध्यक्ष निवडणाऱ्या ५३८ प्रतिनिधींपैकी त्याच्या वाट्याला आले शून्य. कारण मेन आणि नेब्रास्का सोडले तर राज्यात जो पहिला, तो त्या राज्याचे सगळेच्या सगळे प्रतिनिधी घेऊन जातो. दुसऱ्यालाच काही मिळत नाही, तिथे तिसऱ्याला कोण विचारतो? शेजारी हे सांगताना हसत होते, पण पुढच्या वेळेपासून आपण कधी तिसऱ्याकडे बघितलं नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

मोरिस द्यूव्हेर्जे नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने १९५१च्या पुस्तकात हेच मांडलं आहे: जागा एक, फेरी एक आणि सर्वाधिक मतांचा विजयी, असा नियम असला की रिंगण हळूहळू दोघांपुरतं उरतं. भारतातही नियम तोच आहे, तरी पक्ष ढीगभर, कारण आपल्याकडे राज्याराज्यांतल्या जोड्याच वेगळ्या. म्हणजे नियमच सगळं ठरवतो असंही नाही. पण माझा निम्मा राग माणसांवरून उठून नियमावर जाऊन बसला, तो त्या शेजाऱ्यांमुळे.

२. मत तेच, भाव वेगळा.

२०१६ला मला दोघंही नको होते. शाळेच्या व्यायामशाळेत मांडलेल्या यंत्रापुढे उभी राहिले आणि तिसऱ्याच एका पक्षाचं बटण दाबलं. बाहेर पडताना छाती फुगली होती. न्यू जर्सी अध्यक्षपदासाठी १९८८नंतर रिपब्लिकनांकडे गेलेलंच नाही; त्या वर्षीही हिलरी क्लिंटन इथे चौदा टक्क्यांनी पुढे राहिल्या. माझ्या बाणेदारपणाची किंमत होती शून्य, आणि ती कुणालाच मोजावी लागली नाही.

माझी एक मैत्रीण मिशिगनमध्ये ट्रॉयला राहते. तिनेही तेच केलं होतं. मिशिगनमध्ये ट्रम्प १०,७०४ मतांनी जिंकले, आणि तिसऱ्या-चौथ्यांना मिळून पडलेली मतं याच्या कितीतरी पट होती. ती आठवडाभर फोन उचलेना. नवरा तिला म्हणायचा, "अगं, तुझ्या एका मताने काय झालं असतं?" गणिताने तो बरोबरच होता. पण हे वाक्य ऐकून कुणाला झोप लागलेली मला माहीत नाही.

२००० साली मी नागरिक नव्हते, नुसती टीव्हीपुढे बसलेली पाहुणी. फ्लोरिडात अधिकारी मतपत्रिका उजेडात धरून अर्धवट पडलेली भोकं तपासत होते. देशाचा अध्यक्ष ५३७ मतांवर ठरला. तिथे तिसरे उमेदवार राल्फ नेडर यांना ९७ हजारांवर मतं होती. हरलेली डेमोक्रॅट मंडळी त्यांच्या नावाने अजून बोटं मोडतात. मला मात्र वाटतं, नेडरना मत देणारा आपल्या मनासारखा उमेदवार निवडत होता, आणि निवडणूक म्हणजे तेच, असं त्याला शाळेत शिकवलेलं होतं.

३. कोरा रकाना महाग पडतो.

२०१९ला आम्ही डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात राहायला आलो. पूल ओलांडायला पाच मिनिटं लागतात, पण माझं मत एका रात्रीत सोन्याच्या भावाला गेलं. इथे २०१६ला ट्रम्प चव्वेचाळीस हजारांनी, २०२०ला बायडन ऐंशी हजारांनी आणि २०२४ला पुन्हा ट्रम्प एक लाख वीस हजारांनी जिंकले. नव्या पत्त्यावर नाव नोंदवताना मी पुन्हा ऐटीत 'कुठलाही पक्ष नाही' असं लिहिलं.

१७ मे २०२२, प्रायमरीचा दिवस. सेनेटच्या जागेसाठी दोन्ही पक्ष आपापला उमेदवार ठरवणार होते. कामावरून लवकर निघून, छत्री सांभाळत मी केंद्रावर पोचले. टेबलामागच्या आजींनी यादीत माझं नाव शोधलं, चष्मा वर केला आणि फार प्रेमाने म्हणाल्या, "बाई गं, तुझ्यासाठी आज काहीच नाही."

पेनसिल्व्हेनियात प्रायमरी बंदिस्त असते. ज्या पक्षात नाव नोंदलं त्याच पक्षाची मतपत्रिका मिळते, आणि नोंद बदलायची तर पंधरा दिवस आधी. न्यू जर्सीत ऐनवेळी टेबलावर पक्ष सांगता येतो, तेच इथेही असेल असं मी धरून चालले होते. चूक माझीच. पण राज्यात माझ्यासारखे बिनपक्षाचे दहा लाखांहून जास्त लोक आहेत आणि ते सगळे माझ्यासारखे विसरभोळे नसणार. त्या दिवशी रिपब्लिकनांकडून टीव्हीवरचे डॉक्टर मेहमेट ऑझ तेरा लाखांहून अधिक मतांत ९५१ मतांनी पुढे राहिले. फेरमोजणी झाली. ऑझही नदीपलीकडूनच, न्यू जर्सीतून, आलेले होते. नोव्हेंबरपर्यंत त्यांचे प्रतिस्पर्धी जॉन फेटरमन यावरून त्यांची टर उडवत राहिले. मी हसले नाही. नवा पत्ता घेऊन ऑझ उमेदवार झाले होते, आणि त्याच वाटेने आलेल्या मला साधी मतपत्रिकाही मिळाली नव्हती.

नोव्हेंबरमध्ये दोनच नावं असतात असं म्हणून आपण कपाळाला हात लावतो. ती दोन नावं मेमध्ये ठरलेली असतात, आणि तेव्हा फार थोडे लोक घराबाहेर पडतात.

४. मतपत्रिका कुणी आखली तेही बघावं.

न्यू जर्सीत २१ पैकी १९ काउंट्यांमध्ये प्रायमरीच्या मतपत्रिकेवर स्थानिक पक्षनेत्यांच्या पसंतीचे सगळे उमेदवार एकाच सरळ ओळीत छापायचे. बाकीचे कुठेतरी कडेला, रिकाम्या चौकटींच्या पलीकडे. सेनेटची उमेदवारी मागणारे अँडी किम कोर्टात गेले आणि मार्च २०२४मध्ये न्यायाधीशांनी डेमोक्रॅटांच्या प्रायमरीपुरती ती ओळ पुसायला लावली. बातमी वाचली आणि आठवलं, एडिसनला असताना मी एकदा प्रायमरीला गेले होते, तेव्हा वरपासून खालपर्यंत एका ओळीतच बोट फिरवलं होतं. मला वाटलं होतं, मी निवडतेय.

५. दगडापेक्षा वीट मऊ, पण वीट विकणाऱ्याला दगड लागतो.

ही म्हण आमच्या घरी ढब्बू मिरचीपासून जावयापर्यंत सगळ्याला चालायची. अमेरिकेतल्या मतदानाला ती इतकी चपखल बसते की जणू इथेच जन्मली. कमी वाईट निवडण्यात मला लाज वाटत नाही. संसारात रोजच निवडतो आपण. त्रास वेगळ्या गोष्टीचा होतो. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये आमच्या टपालपेटीत रोज पाच-सहा गुळगुळीत पत्रकं पडायची, फोनवर संदेशांची रीघ असायची. आम्ही काय करू, असं सांगणारी त्यांत क्वचितच. बाकी सगळी, ते आले तर काय होईल, याची. वीट मऊ करायला मेहनत पडते. त्यापेक्षा दगड आणखी अणकुचीदार दाखवणं सोपं. गॅलपच्या २०२३च्या आकडेवारीत ४३ टक्के अमेरिकनांनी स्वतःला अपक्ष म्हणवून घेतलं, दोन्ही पक्षांचे म्हणवणारे २७-२७. पण या अपक्षांतले बहुतेक ऐनवेळी ठरलेल्या एकाच बाजूला झुकतात. मीही झुकते. कुठे, ते सांगणार नाही, वडिलांचं वळण.

६. सुटकेचं बटण सगळ्यांनाच हवं असतं.

लातूरहून दादाचा फोन येतो. तो निवृत्त मुख्याध्यापक, राजकारणावर बोलायला कायम तयार.

"काय करायलीस? झालं का तुमचं मतदान?"

"झालं. दोघांतला एक निवडून आले."

"बरंय की तुमचं. एकदा निवडला की तो तिथंच राहतो तरी. आमच्याकडं मत एकाला दिलं, सकाळी उठून बघावं तर तो दुसऱ्याच्या मांडीवर!"

महाराष्ट्रातल्या सरकारची २०१९ची ती पहाटेची शपथ, मग २०२२ला शिवसेना फुटली, २०२३ला राष्ट्रवादी. त्याचं म्हणणं, पक्ष वाढून सहा झाले, पण टोपल्या दोनच. मी त्याला २०१९च्या लातूर ग्रामीणची आठवण दिली. तिथे नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, साडेसत्तावीस हजार मतं. पलूस-कडेगावलाही तसंच. "मग?" तो म्हणाला, "नोटानं रस्ता केला का?"

इथे असं बटण फक्त नेव्हाडात आहे, सत्तरच्या दशकापासून: 'यांपैकी कुणीही नाही.' फेब्रुवारी २०२४मध्ये तिथल्या रिपब्लिकन प्रायमरीत निकी हेली चक्क या 'कुणीही नाही'कडून हरल्या. ट्रम्प त्या मतपत्रिकेवर नव्हतेच, त्यामुळे त्यांच्या बऱ्याच लोकांनी राग तिथे काढला. हे ऐकून दादा इतका हसला की वहिनी फोन घ्यायला आल्या. मेनमध्ये पसंतीक्रम लिहायची सोय आहे, पहिला बाद झाला की मत दुसऱ्याकडे जातं, हेही मला सांगायचं होतं. पण तोवर वहिनींनी लोणच्याच्या मसाल्याचा विषय काढला होता.

७. खाली उतरलं की हवा बदलते.

पेनसिल्व्हेनियात शाळा मंडळाच्या उमेदवाराला दोन्ही पक्षांच्या प्रायमरीत एकाच वेळी उभं राहता येतं. हे मला कळलं ते मुलीच्या शाळेच्या ग्रंथालयातल्या पुस्तकांवरून वाद पेटला तेव्हा. सभेत तीन मिनिटं बोलायला मिळतात. मी बोलले, आवाज थरथरत होता. बोलून खाली बसले तर मंडळातल्या ज्या बाईंशी माझं पटत नाही त्यांनीच विचारलं, "आडनावाचा उच्चार नीट केला ना मी?" दोनच पक्ष असण्याचा माझा वैताग त्या संध्याकाळी कुठे गेला होता कोण जाणे. पुढच्या अध्यक्षीय निवडणुकीत तो परत आला म्हणा.

८. घरात तोडगा निघाला आहे, अभिमान वाटावा असा नाही.

२०२२च्या त्या फजितीनंतर मी एका पक्षात नाव नोंदवलं आणि नवऱ्याने दुसऱ्या. चिठ्ठ्या टाकून ठरवलं. प्रायमरीच्या आदल्या रात्री आम्ही स्वयंपाकघराच्या टेबलावर दोन्ही नमुना मतपत्रिका पसरतो आणि कुणी कुणाला थांबवायचं यावर भांडतो. यामुळे टपालपेटीत आता दोन्ही पक्षांची पत्रकं येतात, दुपटीने.

गेल्या खेपेला आई आली होती. ती ही पत्रकं टेबलावर अंथरून मेथी निवडायची. जाड कागद, पाणी झिरपत नाही म्हणून खूश होती. एका दुपारी दोन पत्रकं शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसली. एकावर एक गृहस्थ रंगीत, बायकामुलांसोबत, मागे सफरचंदाची बाग. दुसऱ्यावर तेच गृहस्थ काळे-पांढरे, तोंड अर्धवट उघडं, मागे ढग.

"हे दोघं भाऊ हायत का गं?" तिने विचारलं.

"एकच आहे तो, आई."

तिने पुन्हा निरखून पाहिलं, काळ्या-पांढऱ्यावर देठं टाकली आणि रंगीतावर पानं.