काठाची मागची बाजू

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



मागच्या अभ्यासवर्गात एका ताईंनी विचारलं, "सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. सगळा दिवस त्यांचं करण्यात आणि स्वयंपाकात जातो. पेटी शिकायची राहिली, जपही धड होत नाही. मग आमच्या वाट्याला ना कला, ना साधना, असंच ना?" आजचा पाठ या प्रश्नावर.

आपल्या इंदूरकर मंडळींना महेश्वर चांगलं ठाऊक आहे. अहिल्याबाई होळकरांनी नर्मदेकाठी तिथे राजधानी केली आणि विणकरांना आश्रय दिला. किल्ल्यावरची नक्षी पाहून चटई, वीट, हिरा असे काठ विणले गेले. या साडीची ओळख अशी, की काठ दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. साडी कुठूनही नेसा, मागची बाजू लपवावी लागत नाही.

विणकर दिवसभर काय करतो? धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे. तेच ते काम! पण एका फेरीत जरी लक्ष सुटलं तरी काठात दिसतं. म्हणजे कला नुसत्या नवेपणात नाही, लक्ष देण्यात आहे. सासूबाईंची चादर बदलताना सुरकुती राहू नये म्हणून फिरणारा हात त्याच जातीचा. ती आपल्या संसाराची मागची बाजू. कुणी बघत नाही, तरी नीट विणलेली. अरणच्या सावता माळ्यांनीही मळ्यातल्या कामातच विठ्ठल पाहिला.

पण इथे एक सांभाळायला हवं. सगळा भार एकीवर टाकायचा आणि "हीच तुझी साधना" म्हणायचं, हे सोपं आहे. त्याला सेवा म्हणत नाहीत. नुसत्या आडव्या धाग्याने वस्त्र होत नाही, उभा धागाही लागतो. घरातल्या कुणी रोज अर्धा तास आजींजवळ बसलं, तर ताईंची पेटीही उघडेल. ती पेटीही साधनाच.

*या आठवड्याचा अभ्यास*
१) कुणाला न दिसणारं एक काम रोज पूर्ण लक्ष देऊन करूया. त्या वेळी मोबाईल बाजूला.
२) आपल्या घरातली मागची बाजू कोण विणतं, ते सगळ्यांनी मिळून बोलूया. त्यातलं एक काम आपल्याकडे घेऊया.

अनुभव आपापल्या कुटुंब-गटात जरूर कळवा.

जय गुरुदेव 🌼