मातृत्व आणि स्त्रीची मिळकत

नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायातील स्त्रीला आपण ‘सद्गुणी’ म्हणत आलो आहोत. मूळ इब्री शब्द ‘हायिल’ होय. बल, पराक्रम, संपत्ती, सैन्य असे त्याचे अर्थ. गिदोनाला वीर म्हणताना हाच शब्द येतो. ‘सद्गुणी’ म्हटले की ती स्त्री सोज्वळ दिसते खरी, पण तिचा व्यवहार झाकला जातो. अध्याय पुन्हा वाचून पाहा. ती शेत पारखून विकत घेते, कमाईतून द्राक्षमळा लावते, तागाची वस्त्रे विकते. आणि तिला मुले आहेत. (तिच्या घरी दासी होत्या, हेही पंधराव्या वचनात आहे, तिकडे आपले सहसा लक्ष जात नाही.) शेवटचे वचन तर तिच्या श्रमाचे फळ तिला देण्याविषयीच आहे. मग मूल झाले की ते फळ कमी का होते, हे विचारणे शास्त्राला सोडून होणार नाही.

अर्थशास्त्रज्ञ हेन्रिक क्लेवेन व त्यांचे सहकारी यांनी डेन्मार्कविषयीचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध केला. पहिल्या अपत्यापूर्वी स्त्री-पुरुषांची मिळकत समांतर चालते. अपत्यानंतर स्त्रीची एकदम घसरते व दीर्घकाळात पुरुषाच्या तुलनेत सुमारे २० टक्क्यांनी मागे राहते. पुरुषाच्या मिळकतीला धक्का लागत नाही. नोकरी सोडणे, कामाचे तास कमी करणे आणि कमी दराचे काम पत्करणे, या तिन्हींचा वाटा साधारण सारखा आढळला.

कोणी म्हणेल, ही निसर्गाची योजना. परंतु त्याच अभ्यासकांनी २०२१ साली दत्तक मूल घेतलेली कुटुंबे तपासली. जिने बाळंतपण सोसलेच नाही, त्या आईची मिळकतही दीर्घकाळात जवळजवळ तितकीच घटलेली होती! तेव्हा कारण देहात नसून, मुलासाठी कोणी थांबावे हे घरात जसे ठरते, त्यात आहे.

२०२३ च्या नोबेल पारितोषिकाच्या मानकरी क्लॉडिया गोल्डिन यांनी याचा दुसरा पदर उलगडला आहे. जो केव्हाही कामावर हजर होऊ शकतो त्याला पुष्कळ व्यवसायांत दर तासालाही अधिक मोबदला मिळतो. म्हणून एकाने कामाच्या हाकेला धावावे, दुसऱ्याने घराच्या, अशी वाटणी होते. कुटुंबाच्या हिशेबात ती शहाणपणाची वाटते. तोटा मात्र एकीच्याच नावे लिहिला जातो.

आपल्या देशात २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठीची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, आणि ५० वा अधिक कर्मचारी असतील तेथे पाळणाघर बंधनकारक झाले. चांगले झाले. तथापि, कर्मचारी राज्य विमा योजनेबाहेरील स्त्रीच्या रजेचा पगार मालकालाच द्यावा लागतो, त्यामुळे तरुण विवाहितेला नेमताना तो कचरतो. शेतमजूर, घरकाम करणारी, फेरीवाली यांच्यापर्यंत तर ही रजा पोहोचतच नाही. पित्याच्या रजेविषयी हा कायदा मौन बाळगतो.

आपल्या मंडळ्यांत परिचारिका व शिक्षिका पुष्कळ आहेत. सभागृहे मात्र सोमवार ते शनिवार बहुधा कुलूपबंद असतात; तेथे पाळणाघर चालू शकेल का, हे पंचकमिटीने पाहावे. आणि बंधूंनो, गेल्या वर्षी मूल तापाने पडले तेव्हा घरातील कोणाच्या किती रजा खर्ची पडल्या, ते आज संध्याकाळी पत्नीसह बसून मोजा.