शेतातले पाणी आणि रणगाड्यांची लढाई

इतिहासात एखाद्या लढाईचे वर्णन वाचताना ‘त्या दिवशी अमुक झाले नसते तर?’ असा प्रश्न तुमच्या मनात नक्कीच आला असेल. अशा प्रश्नावर गप्पा मारता मारता तास निघून जातो आणि हाती काहीच लागत नाही. पण त्याच प्रश्नाला मोजमापाची शिस्त लावली, की तो एक छानसा प्रयोग बनतो. त्यासाठी आलेखकागद, एक फासा आणि थोडे बीजगणित पुरेसे आहे. प्रशियाच्या सैन्यात फॉन राइसविट्झ या लेफ्टनंटाने १८२४ मध्ये असाच नकाशा, फासे आणि पंच असलेला युद्धखेळ मांडला होता.

खरी घटना

सप्टेंबर १९६५. पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर नावाचे गाव आहे. ८ ते १० सप्टेंबर या काळात पाकिस्तानच्या चिलखती डिव्हिजनचे पॅटन रणगाडे येथे चालून आले. भारतीय सैन्याने घोड्याच्या नालेच्या आकाराची संरक्षणफळी उभारली, उसाच्या उभ्या पिकात सेंच्युरियन आणि शेरमन रणगाडे दडवले आणि शेतांत पाणी सोडले. पॅटन चिखलात रुतले. भारतीय माहितीनुसार पाकिस्तानचे ९७ रणगाडे नष्ट झाले किंवा हाती लागले.

आपला प्रश्न असा: शेते कोरडी असती तर?

येथे पहिला नियम लक्षात ठेवा. प्रयोगशाळेत आपण एका वेळी एकच राशी बदलतो आणि बाकीच्या स्थिर ठेवतो. काल्पनिक इतिहासातही तसेच करायचे. पाणी काढून टाकले तर ऊस तसाच ठेवा, तोफा त्याच ठेवा आणि संख्याही तीच ठेवा. शिवाय बदल घडण्याजोगा हवा. ‘कालव्याचे पाणी वेळेवर शेतात पोहोचले नाही’ हे घडू शकते. ‘रणगाडे उडू लागले’ हे नाही!

चिखल आणि दाब

एम-४८ पॅटनचे वजन सुमारे ४५ टन. त्याचा प्रत्येक पट्टा सुमारे ७१ सें.मी. रुंद असून जमिनीला टेकणारी त्याची लांबी सुमारे ४०० सें.मी. आहे. दोन पट्ट्यांचे मिळून क्षेत्रफळ २ × ७१ × ४०० = ५६,८०० चौ. सें.मी. झाले. म्हणून दाब = ४५,००० ÷ ५६,८०० = सुमारे ०.८ किलोग्रॅम दर चौ. सें.मी.

मोटारीच्या टायरमध्ये साधारण २ किलोग्रॅम दर चौ. सें.मी. दाबाची हवा असते आणि टायर जमिनीवर जवळजवळ तेवढाच दाब देतो. म्हणजे जमिनीवर पडणारा रणगाड्याचा दाब मोटारीच्या निम्म्याहून कमी! पण ५० किलोग्रॅम वजनाचा मुलगा चालताना एका पावलावर भार देतो. पावलाचे क्षेत्रफळ १८० चौ. सें.मी. धरले तर दाब ०.२८ येतो. तुम्ही स्वतः भिजल्या शेतात घोट्यापर्यंत रुतता, मग तिप्पट दाब देणाऱ्या रणगाड्याचे काय होत असेल याची कल्पना करा.

नकाशा आणि वेळ

आता आलेखकागद घ्या. १ सें.मी. म्हणजे १०० मीटर आणि एक डाव म्हणजे २ मिनिटे धरा. कोरड्या शेतात रणगाडा ताशी १८ कि.मी. आणि चिखलात ताशी ३ कि.मी. वेगाने जातो असे मानू. (ही आपली गृहीतके आहेत. ती कागदावर स्पष्ट लिहून ठेवा.) मग कोरड्यात एका डावात ६ चौकोन आणि चिखलात फक्त १ चौकोन पुढे जाता येईल.

दडलेली तोफ १० चौकोनांवरून मारा करते आणि प्रत्येक डावात फाशावर ६ पडले तर गोळा लागतो असे समजा. कोरड्यात हे अंतर २ डावांत संपते. रणगाडा वाचण्याची संभाव्यता ५/६ × ५/६ = २५/३६, म्हणजे सुमारे ६९ टक्के. चिखलात १० डाव लागतात. ५/६ चा दहावा घात काढा. उत्तर सुमारे ०.१६, म्हणजे केवळ १६ टक्के! तोफ तीच आणि फासाही तोच. बदलला तो फक्त वेळ.

संख्येचा वर्ग

इंग्लंडमधील अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने पहिल्या महायुद्धाच्या काळात एक नियम मांडला. दोन्ही बाजू एकमेकांवर नेम धरून मारा करीत असतील, तर प्रत्येक बाजूचे नुकसान शत्रूच्या संख्येच्या प्रमाणात होते. समजा, हल्ला करणारे ६० आणि बचाव करणारे ३६ आहेत (हे आकडे खऱ्या लढाईतले नव्हेत) आणि दर डावात शत्रूच्या संख्येच्या एकदशांश एवढे नुकसान होते. पहिल्या डावानंतर ६० चे ५६.४ आणि ३६ चे ३० उरतात. गुणोत्तर १.६७ वरून १.८८ वर गेले. थोडक्यात, मोठा अधिक मोठा होत जातो. मात्र दोन्ही संख्यांच्या वर्गांतील फरक जवळजवळ कायम राहतो. ६०² − ३६² = २३०४ = ४८². म्हणून मोकळ्या कोरड्या मैदानात हल्लेखोर ४८ रणगाडे राखून जिंकतात.

आता शेतात पाणी आहे. हल्लेखोर एका फळीत येऊ शकत नाहीत. समजा, ते २०-२० च्या तीन तुकड्यांनी एकामागून एक येतात. पहिली संपल्यावर बचावाचे उरले ३६² − २०² = ८९६, दुसरीनंतर ४९६ आणि तिसरीनंतर ९६. याचे वर्गमूळ सुमारे १०. म्हणजे ६० पडले आणि ३६ पैकी १० उभे राहिले!

उसाचा परिणामही असाच स्वतंत्रपणे तपासता येतो. दडल्यामुळे बचावाचा मारा दुप्पट परिणामकारक झाला असे धरले, तर त्याचे बळ २ × ३६² = २५९२. ते ३६०० पेक्षा कमीच आहे. म्हणजे आपल्या या खेळात नुसत्या उसाने लढाई जिंकता येत नाही. शत्रूचे तुकडे पाडणारे पाणी अधिक मोलाचे ठरते.

खेळ काय सांगत नाही

‘असे झालेच असते’ हे खेळ सांगत नाही. कोणत्या कारणाचे वजन किती, एवढेच तो दाखवतो. पाणी वेळेवर पोहोचले नसते, तर भारतीय सेनानींनी कदाचित रणगाड्यांच्या जागाही बदलल्या असत्या. तसेच सूत्रात प्रत्येक रणगाडा सारखा असतो, माणसे मात्र सारखी नसतात. ४ ग्रेनेडियर्सचे हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरील १०६ मि.मी.च्या तोफेने पॅटन रणगाडे उद्ध्वस्त केले. १० सप्टेंबर १९६५ रोजी ते धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. असा माणूस कोणत्या फाशात बसवणार? आपण खोडरबराने पुसतो त्या प्रत्येक चौकोनात त्या दिवशी चार-पाच माणसे होती, हे खेळताना विसरू नये.

करून पाहा

१. हल्लेखोर ३०-३० च्या दोन तुकड्यांनी आले, तर कोण जिंकेल?

२. कोरड्या मैदानात ३६ रणगाड्यांना ६० शी बरोबरी साधायची असेल, तर त्यांचा मारा किती पट परिणामकारक हवा? (उत्तर: सुमारे २.८ पट)

३. हाच डाव फाशाने वीस वेळा खेळा आणि निकालांचा आलेख काढा. सूत्राचे उत्तर आणि तुमची सरासरी यांत किती फरक पडतो?

अहिल्यानगरचे (पूर्वीचे अहमदनगर) रणगाडा संग्रहालय पाहण्याचा योग आला, तर तेथील रणगाड्यांच्या पट्ट्यांची रुंदी डोळ्यांनी अजमावा आणि वरचे भागाकार मनातल्या मनात पुन्हा करून पाहा.