आधी वायर बघा, मग पार्ट बदला
(जुन्या मोटारीतील इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचे दोष व दुरुस्ती)



आपल्या पत्रिकेत ऊस, बेणे, खत आणि पाणी यांवर नेहमीच लिहिले जाते. आज विषय थोडा वेगळा आहे, पण आपल्या दारातलाच आहे. उसाचे बिल हाती आले की पुष्कळ सभासद एखादी जुनी चारचाकी घेतात. हट्टा आणि आसपासच्या गावांतून वसमत, परभणी, नांदेडला दवाखाना, बाजार, कोर्टकचेरी यासाठी तिचा उपयोग होतो. विहिरीवरचे ऑइल इंजिन आपण डोळे मिटून खोलतो. पण ही मोटार बिघडली की आपण हात जोडतो आणि मिस्त्री म्हणेल ते पैसे मोजतो. तसे होऊ नये म्हणून हा पाठ.

आमच्यावर काय गुदरले ते आधी सांगतो. गळिताचे दिवस होते. रात्री साडेअकराच्या सुमारास घरातल्या बाळंतिणीला घेऊन आम्ही आमच्या दहा-बारा वर्षे जुन्या पेट्रोल गाडीतून वसमतकडे निघालो. गावाबाहेर पडलो, दिवे आणि पंखा चालू होता, आणि गाडीने एकदम जीव सोडला. पायडल तळाला टेकले तरी गाडी बैलगाडीच्या चालीने चाले. मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला. मागून उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर येत होते. शेवटी एका ओळखीच्या माणसाने आपली जीप थांबवली म्हणून वेळ निभावली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, पण त्या रात्रीची आठवण झाली की अजून अंगावर काटा येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच गाडी घोड्यासारखी पळाली! गॅरेजवाल्याने यंत्र लावले, थ्रॉटलचा कोड निघाला, आणि थ्रॉटल बॉडी बदलायचा सल्ला मिळाला. हजारो रुपये घालून आम्ही ती बदलली. आठ दिवसांनी रात्री पुन्हा तेच. मग एका जाणत्या वायरमनने मीटर लावून दोष दाखवला. बॅटरीपासून इंजिनाला जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीवर हिरवट बुरशी चढली होती. पट्टी घासून बसवली आणि गाडी सुधारली. दिवसा भार कमी असे तेव्हा गाडी चाले. रात्री दिवे, पंखा लागले की करंटला परतीची वाट पुरेना, एवढीच गोष्ट होती.

थ्रॉटल म्हणजे काय?

पेट्रोल इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी चकतीसारखी झडप म्हणजे थ्रॉटल. मिस्त्री तिला बटरफ्लाय म्हणतात. जुन्या गाड्यांत पायडलपासून या झडपेपर्यंत लोखंडी तार असे. पाय दाबला की तार ओढली जाई आणि झडप उघडे.

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये ही तार नाही. कालव्याचे उदाहरण घ्या. चारीचे दार पूर्वी आपण हाताने उचलत होतो. आता आपण फक्त मागणी नोंदवतो, कचेरी हिशेब करते आणि दारावरची मोटर दार उचलते. गाडीतही पायडलपाशी सेन्सर असतो, तो मागणी कळवतो. कचेरी म्हणजे गाडीचा संगणक, ज्याला ईसीयू म्हणतात. तो झडपेवरच्या छोट्या मोटरला हुकूम देतो. झडप खरोखर किती उघडली हे सांगायला तिथेही सेन्सर बसवलेला असतो.

यात एक शहाणपण केलेले आहे. पायडलवर दोन सेन्सर आणि झडपेवरही दोन, म्हणजे प्रत्येक ठिकाणी दोन साक्षीदार. दोघांची साक्ष जुळली तरच ईसीयू विश्वास ठेवतो. साक्षीत तफावत आली की तो मोटरचा करंट तोडतो किंवा ताकद आवळतो, स्प्रिंग झडपेला थोड्याशा उघड्या जागी आणते आणि गाडी लंगडत चालते. यालाच लिंप मोड म्हणतात. गाडी बेफाम पळू नये म्हणून केलेली ही सोय आहे, तिला खोड समजू नये.

ही पद्धत १९८० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीच्या बीएमडब्ल्यूच्या महागड्या गाड्यांत आली. धुराचे नियम कडक होत गेले तशी ती साध्या गाड्यांतही उतरली. आपल्याकडे भारत स्टेज चारचे नियम १ एप्रिल २०१० पासून मोठ्या शहरांत आणि १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाले. त्या काळातल्या गाड्या आज जुन्या बाजारात आपल्या हाती येत आहेत. आपल्या गाडीत ही पद्धत आहे का, हे ओळखणे सोपे आहे. बोनेट उघडा. एअर फिल्टरपासून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या टोकाशी पायडलची तार आलेली दिसली तर जुनी पद्धत. तार नाही, फक्त वायरींचे सॉकेट दिसले तर इलेक्ट्रॉनिक.

डिझेल गाडीवाल्यांनी एक ध्यानात ठेवावे. डिझेल इंजिनाची ताकद हवेच्या झडपेवर नव्हे, तर किती डिझेल सोडले यावर ठरते. म्हणून नव्या पद्धतीच्या डिझेल गाडीत संशय आधी पायडलच्या सेन्सरवर घ्यावा. तसेच डिझेल फिल्टर तुंबला किंवा त्यात पाणी आले तरी गाडी अशीच दम सोडते. तो आधी बघावा.

लक्षणे

१) उभ्या गाडीचे इंजिन वर-खाली रेस होणे, किंवा ब्रेक मारून थांबताच बंद पडणे.
२) पायडल दाबल्यावर गाडीने उशिरा उचल घेणे किंवा झटके देणे.
३) ताकद एकदम जाणे आणि पिवळा दिवा लागणे.
४) चावी बंद करून पुन्हा चालू केली की गाडी काही वेळ ठीक चालणे.

पहिले लक्षण एकटेच असेल तर बहुधा झडपेवर काजळी साचलेली असते. तिसरे व चौथे असेल तर बहुधा साक्षीदारांचे, म्हणजे वायर, सॉकेट, अर्थिंग किंवा सेन्सरचे भांडण असते.

तपासणीचा क्रम

ऊस पिवळा पडला म्हणून कोणी डोळे झाकून युरिया टाकत नाही. केवडा असेल तर हिराकस लागतो, पाणी साचले असेल तर चर काढावा लागतो. गाडीचेही तसेच आहे. फुकटातले आधी आणि खर्चाचे शेवटी, हा क्रम पाळा.

पहिले, पायाखाली बघा. पायडलखाली पायपुसणे, गोणपाट, पाण्याची बाटली, चप्पल अडकली आहे का? हसू नका. अमेरिकेत २००९-१० साली टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात म्हणून मोठा गदारोळ झाला आणि लाखो गाड्या परत बोलावल्या गेल्या. दोष इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचा असावा असा संशय होता. तपासाला अंतराळ संस्था नासाचे इंजिनिअर बसवले. फेब्रुवारी २०११ मध्ये निष्कर्ष आला. असा भयंकर वेग देणारा इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही. पायडल अडकवणारे पायपुसणे आणि चिकटून राहणारे पायडल, ही दोन साधी कारणे निघाली.

दुसरे, बॅटरी. साधा डिजिटल मीटर घ्या. इंजिन काही तास बंद असताना बॅटरीवर साडेबारा व्होल्टच्या आसपास दाब हवा. इंजिन चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा. मरगळलेल्या बॅटरीवर ईसीयू भलतेसलते कोड दाखवतो.

तिसरे, अर्थिंग. आमचे पैसे इथेच बुडाले. इंजिन चालू ठेवा, मोठे दिवे आणि पंखा लावा. मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरे इंजिनाच्या स्वच्छ धातूवर धरा. मग तेच बॉडीच्या धातूवर करा. मीटरने ०.२ व्होल्टच्या आत दाखवले तर ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दाखवले तर अर्थिंग खराब समजा. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून पट्टीची दोन्ही टोके पॉलिश कागदाने घासा, बोल्ट आवळा आणि वरून थोडे ग्रीस लावा.

चौथे, वायर व सॉकेट. आपल्याकडे गाडी कडब्याच्या गंजीजवळ नाही तर पाचटाजवळ उभी असते, आणि तिथे उंदीर असतातच. थ्रॉटलच्या आणि पायडलच्या वायरी बोटाने चाचपत जा. सॉकेट काढून आत हिरवा गंज, पाणी, वाकलेली पिन बघा. इंजिन चालू असताना वायर हलकेच हलवून पाहा. हलवताच रेस बदलली तर चोर तिथेच सापडला. गाडी प्रेशरच्या पाण्याने धुताना या सॉकेटांवर फवारा मारू नये.

पाचवे, कोड. स्टेअरिंगखालच्या सॉकेटमध्ये स्कॅनर लावून कोड वाचून घ्या आणि कागदावर लिहून ठेवा. पी २१३५ म्हणजे झडपेच्या दोन सेन्सरांची साक्ष जुळत नाही. पी २१३८ म्हणजे पायडलच्या दोन सेन्सरांची जुळत नाही. पी २१११ म्हणजे झडप उघडी अडकली, पी २११२ म्हणजे बंद अडकली. पण कोड म्हणजे पोलिसात दिलेली तक्रार आहे, कोर्टाचा निकाल नव्हे. कुठल्या वाटेवर गडबड आहे एवढेच तो सांगतो. ती पार्टमध्ये आहे, वायरमध्ये आहे की अर्थिंगमध्ये, हे आपणच शोधायचे.

सहावे, सेन्सरची साक्ष. हे काम मीटर हाताळता येणाऱ्याने करावे. चावी चालू, इंजिन बंद. बहुतेक गाड्यांत सेन्सरला ५ व्होल्टचा पुरवठा येतो, तो आधी तपासा. मग पायडल अगदी सावकाश दाबत सिग्नलच्या वायरवर दाब बघा. आकडा एकसारखा चढला पाहिजे, मध्येच उडी किंवा शून्य येता कामा नये. बऱ्याच गाड्यांत पायडलचा एक सिग्नल दुसऱ्याच्या दुप्पट असतो. झडपेवर काही गाड्यांत एक चढतो तर दुसरा उतरतो, आणि दोन्हींची बेरीज पाचच्या आसपास राहते. पुरवठा ठीक, अर्थिंग ठीक, वायर अखंड, आणि तरीही आकडा उड्या मारतो, तरच पार्ट दोषी. खर्चाची पाळी इथे येते, याआधी नाही.

सफाई कशी करावी?

चावी बंद करून खिशात घाला आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. हवेची नळी काढा. थ्रॉटल सफाईचा स्प्रे फडक्यावर मारून झडपेच्या कडा व भोवतालची भिंत पुसा. स्प्रे थेट आत ओतू नका, तो मोटर आणि सेन्सरमध्ये शिरतो. झडप स्क्रू-ड्रायव्हरने किंवा बोटाने जोर करून उघडू नका, आतले प्लास्टिकचे दाते तुटतात. चावी चालू असताना तर बोट घालूच नका, मोटर झडप एकदम मिटते आणि बोट चेंगरते. स्प्रे पेट घेतो, म्हणून विडी-काडी लांब ठेवा आणि इंजिन गार असू द्या.

सफाईनंतर रेस जास्त राहिली तर घाबरू नका. काजळी धरून ईसीयूने जुना हिशेब बसवलेला असतो, तो नव्याने शिकवावा लागतो. काही गाड्या चावी थोडा वेळ चालू-बंद करून आणि पायडलला हात-पाय न लावता इंजिन चालू ठेवून शिकतात, काहींना स्कॅनर लागतो. गाडीच्या पुस्तकात रीत दिलेली असते.

रस्त्यात प्रसंग आला तर

ताकद गेली तर चारही इंडिकेटर लावा आणि गाडी डांबरी सोडून कडेला घ्या. गळिताच्या दिवसांत उसाच्या ट्रॉलीला चटकन थांबता येत नाही. चावी बंद करून अर्धा मिनिट थांबा, पुन्हा चालू करा. पुष्कळदा मुक्कामाला पोचण्याइतकी गाडी सुधारते. पण तेवढ्यावर दोष गेला असे समजू नका.

याउलट रेस अडकून गाडी पळू लागली तर क्लच दाबा, ब्रेक एकदाच जोरात दाबून धरा आणि गाडी न्यूट्रल करा. ब्रेक पुन्हा पुन्हा मारू नका, त्याचा जोर संपतो. गाडी थांबेपर्यंत चावी काढू नका, स्टेअरिंग लॉक होते.

शेवटी दोन शब्द

गॅरेजवाले सगळे फसवे असतात असे आमचे म्हणणे मुळीच नाही. आमच्या गॅरेजवाल्यानेही कोड वाचूनच सल्ला दिला होता. चूक आमची, की आम्ही अर्थिंग तपासले का, हा एक प्रश्न विचारला नाही. पार्ट बदलायची गोष्ट निघाली की सभासदांनी तीन प्रश्न जरूर विचारावेत. बॅटरीचा दाब किती आला? अर्थिंगवर मीटरने काय दाखवले? सेन्सरपर्यंत ५ व्होल्ट पोचतात का? चांगला मिस्त्री या प्रश्नांनी रागावत नाही, उलट मीटर घेऊन बोनेट उघडतो.

गळिताला तोंड फुटण्यापूर्वी आपण ट्रॅक्टर आणि ट्रॉलीची तपासणी करतो. त्याच दिवशी एक तास या गाडीलाही द्यावा. रात्री-अपरात्री घरातल्या माणसाला दवाखान्यात न्यायची वेळ सांगून येत नाही.