दुधाशिवाय ताकद येणार कुठून?

प्रश्न : मी डोंबिवलीची. वय ४७, वजन ५५ किलो. मांसाहार आमच्या घरात नव्हताच. गोठ्यांतले जनावरांचे हाल वाचून तीन वर्षांपूर्वी दूध, दही, तूपही सोडलं. लोकलने नोकरीला जाते-येते, रोज सकाळी पाऊण तास चालते. जिमची ना हौस, ना वेळ. सासूबाईंचं एकच पालुपद : ‘दूध नाही, तूप नाही, म्हातारपणी हाडं साथ देणार नाहीत.’ मैत्रिणी म्हणतात, प्रोटीन पावडर घे. व्हीगन राहून, रोजच्या धबडग्यात बसेल एवढ्याच व्यायामावर धडधाकट राहता येतं का?

उत्तर : येतं. पण सासूबाईंचं म्हणणं उडवून लावू नका. मैत्रिणींपेक्षा त्यांचं बोट जास्त नेमक्या जागी पडलं आहे. व्हीगन माणसाला जो तो प्रोटीनवरून छेडतो. खरी काळजी हाडांची आणि बी-१२ची करायला हवी.

प्रोटीनचा हिशेब आधी उरकून टाकू. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशींनुसार प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं. जेवणात धान्याचाच भरणा असेल तर एक ग्रॅम धरावं. म्हणजे तुमचे झाले ५५ ग्रॅम. सकाळी मुगाची धिरडी (९), दुपारी ज्वारीच्या दोन भाकऱ्या (१०) आणि वाटीभर मटकीची उसळ (७), संध्याकाळी मूठभर शेंगदाणे (७), रात्री भात-आमटी (९) आणि सोयावडीची भाजी (१०). बावन्न झाले. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये फुटाण्यांची पुडी ठेवलीत की साठीच्या जवळ जाल. यातला एकही पदार्थ ‘व्हीगन’ नावाच्या दुकानातून आणायचा नाही. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी, डाळींमध्ये मेथिओनिन कमी. पिठलं-भाकरी एकत्र खाल्ली की दोघांची उणीव भरून निघते. पावडरीचे पैसे वाचवा.

आता हाडं. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या सुमारे ५५ हजार लोकांचा सरासरी साडेसतरा वर्षं पाठपुरावा केला आणि २०२०मध्ये निष्कर्ष मांडले. मांसाहार करणाऱ्यांच्या तुलनेत व्हीगन मंडळींमध्ये हाडं मोडण्याचा धोका ४३ टक्क्यांनी जास्त आढळला, आणि खुब्याच्या हाडाचा तर दुपटीहून अधिक. वजन कमी असणं, कॅल्शियम आणि प्रोटीन कमी पडणं ही काही कारणं. ती हिशेबात धरूनही थोडा फरक उरलाच. व्हीगन प्रचाराच्या पुस्तिकांत हा अभ्यास सहसा दिसत नाही. दिसायला हवा.

यावरचा उतारा मात्र दुधाच्या पेल्यात नाही. व्हिएन्नाच्या वैद्यकीय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२मध्ये पाच वर्षांहून अधिक काळ व्हीगन असलेल्या लोकांच्या हाडांची सूक्ष्म रचना तपासली. जे आठवड्यातून निदान एकदा ताकदीचा व्यायाम करत होते त्यांची हाडं तसाच व्यायाम करणाऱ्या मांसाहारी लोकांच्या तोडीची निघाली. जे करत नव्हते ते मागे होते. अभ्यास लहान आहे, त्यावरून कार्यकारणाचा पक्का निवाडा करता येणार नाही. पण हाड ताण पडला तरच स्वतःला भरत जातं हे शरीरशास्त्र जुनंच आहे.

तुमच्या दिनक्रमातली उणीव इथे आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. तुमचं चालणंच ३०० मिनिटांच्या वर जातं. हृदयासाठी, साखरेसाठी, मनासाठी उत्तम. पण त्याच शिफारशीतलं पुढचं वाक्य आपल्याकडे कोणी वाचत नाही : आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असा व्यायाम. रोज तेच अंतर त्याच वेगाने चालणाऱ्या पायांना नवं काही करावं लागत नाही. शिवाय तुमचं वय ४७. पाळी जाण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन उतरतं आणि हाडांची झीज वेग घेते. पुढची दहा वर्षं महत्त्वाची.

तेव्हा चालण्यातली दहा-पंधरा मिनिटं आठवड्यातून दोन-तीनदा काढून घ्या आणि बैठकांना द्या. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, पुन्हा सावकाश बसायचं. ते सोपं झालं की खुर्चीच्या जागी स्टूल, मग चौरंग, मग नुसतीच बैठक. जोर आधी भिंतीला, मग स्वयंपाकाच्या ओट्याला, मग जमिनीवर. पाठीसाठी पुस्तकांनी भरलेली पिशवी कमरेत वाकून पोटाकडे ओढायची. पोटऱ्यांसाठी फलाटावर गाडीची वाट पाहताना टाचा उचलायच्या. डोंबिवलीच्या गर्दीत तुमच्या पायांकडे कोण बघतंय? बाजारातून येताना भाजीचं वजन दोन्ही हातांत सारखं वाटून घ्या आणि खांदे पाडू नका. आकडे पाठ करायची गरज नाही, एक कसोटी पुरे : शेवटचे दोन-तीन उठाव जड गेले पाहिजेत. पंधरा उठाव हसतखेळत व्हायला लागले की अवघड प्रकाराकडे सरका. गुडघे किंवा रक्तदाबाची तक्रार असेल तर सुरुवात करण्याआधी डॉक्टरांशी बोला.

सूर्यनमस्कारांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये ते रुजवले आणि त्यांचा प्रचार थेट लंडनपर्यंत नेला. व्यायाम छानच आहे : मनगटं, खांदे, पाठ, सगळ्यांना काम मिळतं. तरी त्यात मांड्यांवर बैठकांइतका भार पडत नाही आणि ओढण्याची क्रिया जवळजवळ नाहीच. घाला, पण बैठका काढून टाकून नव्हे.

‘घरकाम हाच बायकांचा व्यायाम’ हे अर्धसत्यही जाता जाता निकालात काढू. उकिडवं बसून फरशी पुसताना पायांना खरोखर काम पडत असे. दांड्याच्या पोछ्याने ते काढून घेतलं. म्हणून पुन्हा फडकं घेऊन खाली बसा असं मी म्हणणार नाही. आणि कोणी बसायचंच असेल तर घरातल्या पुरुषांचाही नंबर लागू दे.

कॅल्शियम दिवसाला १००० मिलिग्रॅम हवं. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास असतं, म्हणजे दोन भाकऱ्यांत तुमचा एक तृतीयांश कोटा पुरा. शेवग्याच्या पाल्याची भाजी, तीळ, टोफू, कॅल्शियम घातलेलं सोयादूध यांतून बाकीचं जमवा. सोयादुधाचा खोका ओतण्याआधी हलवा, कारण घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं. पालकावर मात्र भिस्त ठेवू नका. त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं आणि अंगी फारसं लागू देत नाही. चहा कोरा झाला म्हणून निर्धोक होत नाही. जेवणाला लागून घेतला तर लोह शोषायला तो अडथळा करतो. तासभर थांबा, आणि उसळीवर लिंबू पिळा.

राहिलं बी-१२. हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात आणि आपल्याला ते प्राणिजन्य अन्नातून मिळतं. इडलीच्या आंबवण्यातून, मोड आणण्यातून, स्पिरुलिनातून भरवशाचं बी-१२ मिळत नाही, कोणी कितीही छातीठोकपणे सांगो. व्हीगन सोसायटी इंग्लंडमध्ये १९४४ साली स्थापन झाली, आणि बी-१२ वेगळं काढता आलं १९४८ साली. आपल्या ताटात नेमकं काय कमी आहे हे पहिल्या व्हीगनांना ठाऊकच नव्हतं. तुम्हाला ती सबब नाही. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले (२००६), तेव्हा दोनतृतीयांश जणांचं बी-१२ कमी निघालं. आणि त्यांनी काही दूध सोडलेलं नव्हतं.

यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे उणीव उशिरा कळते : थकवा, हातापायांना मुंग्या, तोल जाणं, विसरभोळेपणा. भाज्या-डाळींतून फोलेट भरपूर मिळत असल्याने रक्तक्षयाची खूण झाकली जाते आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. तुमची तीन वर्षं झाली. या महिन्यात रक्त तपासून घ्या. पातळी ठीक असेल तर व्हीगन सोसायटीची शिफारस रोज १० मायक्रोग्रॅमची किंवा आठवड्याला २००० मायक्रोग्रॅमची आहे. कमी निघाली तर डॉक्टर सांगतील तो डोस. त्याच वेळी ‘ड’ जीवनसत्त्वही तपासा. बाजारातलं डी-३ बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या तेलकट अंशापासून केलेलं असतं आणि कॅप्सूलचं वेष्टण अनेकदा जिलेटिनचं. लायकेनपासून बनवलेलं डी-३ मिळतं, ते मागून घ्या.

प्रश्न : मी कोल्हापूरचा, वय २०, वजन ७० किलो. तालमीत जातो. मला व्हीगन व्हायचं आहे, पण वस्ताद म्हणतात, दूध-बदामाची थंडाई आणि मटण सोडलंस तर अंग भरणार नाही. खरं काय?

उत्तर : वस्तादांचा अनुभव खोटा नाही. त्यांनी ज्यांना घडवलं ते सगळे त्याच खुराकावर घडले, त्यामुळे दुसरा खुराक चालतो का हे बघायची वेळच त्यांच्यावर आली नसेल. ती ब्राझीलमध्ये साओ पावलो विद्यापीठातल्या संशोधकांनी आणली. १९ व्हीगन आणि १९ मिश्राहारी तरुण घेतले, दोघांनाही वजनाच्या दर किलोमागे १.६ ग्रॅम प्रोटीन मिळेल अशी सोय केली, एका गटाला सोयाचं आणि दुसऱ्याला दुधातलं व्हे प्रोटीन वरून दिलं, आणि बारा आठवडे पायांचा कस लावला. २०२१मध्ये निकाल छापून आला : ताकद आणि स्नायू दोन्ही गटांत सारखेच वाढले.

पण १.६ने तुझे होतात ११२ ग्रॅम, आणि ते नुसत्या आमटी-भाकरीतून काढायला गेलास तर पोट तुडुंब भरेल आणि जोर मारता येणार नाहीत. डाळीत प्रोटीनबरोबर पाणी, पिठूळपणा आणि चोथाही येतो. म्हणून सोयावडी (कोरड्या १०० ग्रॅममध्ये ५२ ग्रॅम), टोफू, शेंगदाणे, हवं तर सोयाची किंवा वाटाण्याची पावडर. डोंबिवलीच्या ताईंना पावडर नको म्हटलं, तुला चालेल म्हणतो, कारण तुझी गरज त्यांच्या दुप्पट आहे. थंडाईतले बदाम, खसखस, बडीशेप, मिरी तशीच राहू देत. दूध सोयाचं घाल. बी-१२ची गोळी तुलाही चुकणार नाही. आणि वस्तादांशी वाद घालत बसू नकोस. सहा महिन्यांनी आखाड्यात उतर, निकाल तेच देतील.

प्रश्न : दर पावसाळ्यात सह्याद्रीत ट्रेक करतो. व्हीगन माणसाचा दम टिकतो का, आणि पिशवीत काय न्यावं?

उत्तर : मुंबईचा गिर्यारोहक कुंतल जोइशर व्हीगन आहे आणि तो दोनदा एव्हरेस्टवर गेला. २०१६मध्ये त्याला नाइलाजाने पक्ष्यांच्या पिसांचा सूट घालावा लागला होता, ती गोष्ट त्याला टोचत राहिली. २०१९मध्ये तो तिबेटच्या बाजूने पुन्हा चढला तो प्राणिजन्य काहीही नसलेला सूट घालून. त्याला दम पुरला, अडलं ते कपड्यांपाशी. आपलं कळसूबाई १६४६ मीटरचं आहे.

पिशवीत शेंगदाण्याची चिक्की, खजूर, भाजलेले फुटाणे, दशम्या (दुधाऐवजी नारळाच्या दुधात भिजवलेल्या) आणि लसणीची चटणी. पायथ्याच्या गावात पिठलं-भाकरी मिळतेच, फक्त ‘ताक नको’ आधी सांगा. सिंहगडावर मडक्यातल्या दह्याकडे पाठ फिरवली की बाकीचं ताट तुमचंच.