एकाच प्रीसेटवर पूर्ण कार्यक्रम

पुणे

चि. सई,


गिटारसाठी एचएक्स स्टॉम्प हे इफेक्टचं यंत्र घेतलंस, चांगलं केलंस. पण गणपतीतल्या ऑर्केस्ट्रासाठी तू गाण्यागणिक एकेक प्रीसेट, म्हणजे अ‍ॅम्प-इफेक्टची साठवलेली मांडणी, करायला बसली आहेस असं तुझ्या मेसेजवरून दिसलं. ते काम आजच थांबव. एकच प्रीसेट कर, आणि गणेशवंदनेपासून शेवटच्या धांगडधिंग्यापर्यंत सगळा कार्यक्रम त्याच्यावर निभेल असा कर.

याचं एक कारण यंत्रातच आहे. प्रीसेट बदलताना आवाज क्षणभर तुटतो आणि आधीच्या डिलेची शेपटी कापली जाते. एकाच प्रीसेटमधले स्नॅपशॉट, म्हणजे त्याच मांडणीच्या साठवलेल्या वेगवेगळ्या छटा, बदलताना असं होत नाही. दुसरं कारण त्याहून मोठं आहे. साउंडवाला मिक्सरवरचा तुझा फेडर साउंड चेकला एकदाच लावतो. प्रत्येक गाण्याला वेगळा प्रीसेट म्हणजे प्रत्येक गाण्याला वेगळा व्हॉल्यूम. एखाद्या गाण्यात तुझी गिटार गायिकेच्या अंगावर आली की तो तुला खाली खेचणार, आणि एकदा खाली गेलेला फेडर कार्यक्रम संपेपर्यंत वर येत नाही. हे मी कितीतरी चांगल्या वादकांच्या बाबतीत झालेलं पाहिलं आहे. प्रेक्षकांना वाटतं गिटार वाजतच नव्हती.

तेव्हा आधी एक मूळ आवाज बांध. त्यात स्नॅपशॉट म्हणून दोन-तीन छटा ठेव. बाकी सगळं तुझ्या उजव्या हातावर आणि गिटारच्या व्हॉल्यूम नॉबवर सोड.

मूळ आवाजासाठी अ‍ॅम्प एकच घे. यंत्राच्या यादीत डझनावारी नावं आहेत, त्यात शिरू नकोस. तुझ्या कामाला मी 'यूएस डिलक्स' सुचवीन. तो फेंडरच्या डिलक्स रिव्हर्बवरून केला आहे. मूळ अ‍ॅम्प 1963 चा, जेमतेम 22 वॅटचा, दोन 6व्ही6 व्हॉल्व्हवर चालणारा. वॅट कमी म्हणून त्याचा आवाज लवकर फुटायला लागतो, आणि हेच आपल्याला हवं आहे. 'एसेक्स ए30', म्हणजे व्हॉक्सचा एसी30, मलाही फार आवडतो. त्याची किणकिण वेगळीच आहे. पण कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडच्या गर्दीत ती किणकिण झांजांशी भांडते. मार्शल जेसीएम800 तुझ्या कॉलेजच्या बँडसाठी ठेव.

आता ड्राइव्ह कुठे लावायचा ते सांगतो, कारण सगळा प्रीसेट याच एका जागेवर उभा राहतो. गिटारचा व्हॉल्यूम 10 वर ठेव आणि खालचा ई कॉर्ड जोरात मार. आवाजाला किंचित खरखर यायला हवी, कडा फाटल्यासारख्या व्हायला हव्यात, पण कॉर्डमधले सहाही सूर वेगवेगळे ऐकू यायला हवेत. मग तोच कॉर्ड हलक्या हाताने वाजव. आता तो स्वच्छ यायला हवा. मग गिटारचा व्हॉल्यूम 6 वर आण आणि पुन्हा जोरात मार. आता जोराने वाजवूनही स्वच्छ यायला हवा. या तीन गोष्टी जमेपर्यंत अ‍ॅम्पचा ड्राइव्ह नॉब थोडा थोडा पुढे-मागे कर. घाई करू नकोस, एक अख्खी संध्याकाळ इथे गेली तरी चालेल. ही जागा सापडली की निम्मे इफेक्ट लागतच नाहीत, कारण स्वच्छपासून खरखरीपर्यंतचा सगळा पल्ला तुझ्या बोटांत येतो.

हे करताना एक सोय वापर. लूपरचा ब्लॉक साखळीत सगळ्यात आधी ठेव, एक साधा तुकडा त्यात रेकॉर्ड करून फिरता ठेव आणि गिटार खाली ठेवून नॉब फिरव. वाजवता वाजवता नॉब फिरवला की आपण नकळत हात बदलतो आणि फरक नॉबचा की हाताचा ते कळत नाही. काम झालं की लूपर काढून टाक, कारण ब्लॉक आठच आहेत. (2018 मध्ये यंत्र आलं तेव्हा सहाच होते, नंतरच्या अपडेटमध्ये आठ झाले.) हाताची छटा मात्र लूपवर ठरवू नकोस, ती गिटार हातात घेऊनच.

आठ ब्लॉक मी असे लावतो: कॉम्प्रेसर, 'मायनोटॉर', 'स्क्रीम 808', अ‍ॅम्प, कॅब, कोरस, डिले, रिव्हर्ब. मायनोटॉर म्हणजे क्लॉन सेंटॉर आणि स्क्रीम 808 म्हणजे आयबनेझचा ट्यूब स्क्रीमर. फेंडरच्या आवाजात मधला भाग खोलगट असतो, आणि ट्यूब स्क्रीमर नेमका तिथेच, 700 हर्ट्झच्या आसपास, फुगवटा देतो व खालचा बेस कापतो. म्हणून ही जोडी इतकी जमते. स्टीव्ही रे व्हॉनचा आवाज याच जोडीवर उभा होता. लीडसाठी ट्यूब स्क्रीमरचा ड्राइव्ह कमी आणि लेव्हल जास्त ठेव, म्हणजे सूर लांबतो पण गढूळ होत नाही. कॉम्प्रेसर अगदी हलका, फक्त स्वच्छ स्नॅपशॉटमध्ये. लीडमध्ये तो बंद कर, तिथे दोन ड्राइव्हच पुरेसं दाबतात.

कॅबमध्ये, म्हणजे स्पीकरच्या ब्लॉकमध्ये, दोन नॉब आहेत, लो कट आणि हाय कट. मुळात ते बंद असतात आणि बहुतेक जण त्यांना हातच लावत नाहीत. लो कट 100 हर्ट्झवर आण, हाय कट साडेसहा हजारावर. गिटारचा सगळ्यात खालचा सूर 82 हर्ट्झचा. बेस गिटारचा 41 चा. म्हणजे 100 च्या खाली तू जे काही पाठवतेस ते बेसवाल्याच्या आणि किकच्या जागेवर बसतं. घरी एकटीने वाजवताना हे कापलेलं तुला नक्की टोचेल, आवाज पातळ वाटेल. वाटू दे. वरचं कापायचं कारण असं की खऱ्या गिटार स्पीकरमधून पाच-सहा हजारांच्या वर फारसं काही येतच नाही. प्रेक्षकांसाठी लावलेल्या पीएच्या स्पीकरमधून मात्र सगळं येतं, आणि मग ड्राइव्हचा आवाज माशीच्या गुणगुणीसारखा कानाला लागतो.

पुढची गोष्ट मनावर घे. प्रीसेट रात्री हेडफोनवर, हळू आवाजात ठरवू नकोस. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये माणसाच्या कानावर केलेलं काम प्रसिद्ध आहे: आवाज हळू असला की कानाला खर्ज आणि तार दोन्ही कमी ऐकू येतात. त्यामुळे हळू आवाजात माणूस बेस वाढवतो, ट्रेबल वाढवतो, मिड काढून टाकतो, आणि प्रीसेट घरात स्वर्गीय वाटतो. तोच मांडवात मोठ्या आवाजात लावला की खाली घुमतो, वर टोचतो, आणि मधे, जिथे गिटार ऐकू यायला हवी तिथे, काहीच उरत नाही. तालमीच्या खोलीत सकाळचा एक तास मागून घे. एकच मॉनिटर, शोला असतो तेवढा आवाज, आणि मोबाईलवर तुमच्याच तालमीचं रेकॉर्डिंग बाजूला चालू. त्या गर्दीत उभं राहून मिड लाव. एकटा ऐकताना थोडा नाकातला वाटणारा आवाजच तिथे नीट बसतो.

तीन पायबटणं आहेत, तर तीन स्नॅपशॉट ठेव: स्वच्छ, खरखरीत, लीड. स्वच्छमध्ये ड्राइव्ह पेडल दोन्ही बंद, कोरस लागला तर चालू. खरखरीतमध्ये मायनोटॉर. लीडमध्ये स्क्रीम 808 त्याच्यावर, डिले थोडा जास्त, आणि अ‍ॅम्पच्या चॅनल व्हॉल्यूमवर 3 डेसिबल वाढ. चॅनल व्हॉल्यूमच वापर. त्याने आवाजाचा पोत बदलत नाही, मास्टरने बदलतो. स्वच्छ आणि खरखरीत यांची पातळी मीटर बघून जुळवू नकोस. ड्राइव्हचा आवाज आधीच दाबलेला असतो, त्यामुळे मीटरवर दोन्ही सारखे दिसले तरी कानाला तो मोठा लागतो. डोळे मिटून आळीपाळीने ऐक आणि कानाला एकसारखे वाटेपर्यंत खरखरीत खाली आण. माझ्या मते टोनपेक्षा याला जास्त वेळ द्यायला हवा.

डिले मिलिसेकंदांत ठेवू नकोस, टॅप टेम्पोवर ठेव. मिनिटाला 100 मात्रांच्या गाण्यात एक मात्रा 600 मिलिसेकंदांची. डिले पाऊण मात्रेचा ठेवलास तर 450 चा येतो, आणि सरळ आठव्या भागात वाजवलेला तुकडा त्याच्याशी विणला जातो. यू2च्या एजने याच विणीवर अख्खी शैली उभी केली. पण ढोलकी चालू असताना पाऊण मात्रेचा डिले बंद. ढोलकीची चाट मात्रेच्या मधल्या जागा भरतच असते, तिथे तुझे प्रतिध्वनी कशाला? लावणीला स्वच्छ स्नॅपशॉट, वरच्या तीन तारांवर आखूड ठोके, आणि गायिका अदा घेत असेल तेव्हा हात तारांवर झाकलेला.

रिव्हर्ब 15 टक्क्यांच्या वर नको, नाट्यगृह आपला रिव्हर्ब स्वतःच देतं. उघड्या मैदानात थोडा वाढव.

आर.डी. बर्मन यांच्या गाण्यांची तुला भीती वाटते असं लिहिलंस. 'दम मारो दम'च्या सुरुवातीची गिटार भूपिंदर सिंगांची. लोक ती ओळखतात ते तिच्या वाक्यावरून आणि वजनावरून. तुझा खरखरीत स्नॅपशॉट तिथे पुरेसा आहे, वाक्य मात्र सुरासुराने बसवून घे.

किरकोळ पण महत्त्वाचं. यंत्राला 9 व्होल्ट, 3 अँपियर लागतात. सोबतचा अ‍ॅडॉप्टरच वापर, पेडलबोर्डच्या साध्या सप्लायच्या भरवशावर राहू नकोस. यंत्रावर एक्सएलआर आउटपुट नाही, तेव्हा मिक्सरला सिग्नल जुळवून देणारा डीआय बॉक्स तुझा स्वतःचा असू दे. डीआयला जाताना ग्लोबल सेटिंगमध्ये आउटपुट 'इन्स्ट्रुमेंट'वर, मिक्सरच्या लाइन इनपुटला थेट जाताना 'लाइन'वर. 'स्नॅपशॉट एडिट्स' ही सेटिंग 'डिस्कार्ड'वर ठेव, म्हणजे शोमध्ये चुकून फिरलेला नॉब पुढच्या वेळी त्याच स्नॅपशॉटवर आलीस की आपोआप जागेवर येतो. मोठ्या व्हॉल्यूम नॉबवर टेपची खूण कर आणि साउंड चेकनंतर त्याला हात लावू नकोस.

पुढच्या रविवारच्या तालमीत मोबाईल स्टेजवर ठेवू नकोस, समोर पाचव्या-सहाव्या रांगेच्या अंतरावर ठेव. एक लावणी, एक आर.डी. आणि लीडचं एक गाणं एवढं रेकॉर्ड कर, आणि मला पाठवायच्या आधी स्वतः ऐकून गिटार कुठे हरवते ते मिनिट-सेकंदासकट लिहून काढ. मग फोनवर बोलू. आई-बाबांना नमस्कार सांग.

तुझा,
काका