कॅबट ट्रेल एका दिवसात उरकू नका

कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या केप ब्रेटन बेटावर कॅबट ट्रेल नावाचा रस्ता आहे. त्याची पूर्ण फेरी सुमारे ३०० किलोमीटर, म्हणजे मुंबई-पुणे जाऊन-येऊन. सकाळी निघून संध्याकाळी परत, असं कुणालाही वाटेल. आमच्या सहलवाल्यानेही तसंच आखून दिलं होतं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला आम्ही बॅडेक गावाहून निघालो. स्कायलाइन पायवाटेला तासभर दिला होता. ती वाट जाऊन-येऊन साडेसहा किलोमीटरची. निम्म्यातूनच परतावं लागलं. पुढे घाटात धुकं उतरलं. इंगोनिशचा किनारा गाडीच्या काचेतूनच पाहिला. तिन्हीसांजेला एक भलाथोरला मूस (हरणाच्या कुळातला प्राणी) रस्त्यात येऊन उभा राहिला आणि चालकाने करकचून ब्रेक दाबला. सेंट ॲन्सला, १९३८ पासून चालणाऱ्या, स्कॉटिश गेलिक भाषेच्या गेलिक कॉलेजपाशी पोहोचलो, तेव्हा दारं बंद झाली होती.

तेव्हा सांगणं एकच: किमान तीन मुक्काम ठेवा. एक बॅडेकला, एक शेटिकँपला, एक इंगोनिशला. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा. मूसला गाडी धडकली तर जिवावर बेतू शकतं. इथे गाडी उजवीकडून चालते. घड्याळाच्या उलट दिशेने गेलात तर समुद्र तुमच्याच बाजूला राहतो. कड्याची भीती वाटत असेल तर सुलट दिशेने जा. डोंगरात मोबाइलची रेंज जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा.

पोहायचं असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये जा. पश्चिमेकडे इनव्हर्नेसचं पाणी बरं असतं, पूर्वेकडे अटलांटिक थंडगार. इंगोनिशला मात्र समुद्राला लागूनच गोड्या पाण्याचं तळं आहे; मुलांना तिथे न्या. गवतातून चालताना पायघोळ पँट घाला आणि परतल्यावर अंगावर गोचीड नाही ना, ते तपासा. तिच्यामुळे लाइम रोग होतो. स्कायलाइनवर एकट्याने जाऊ नका. २००९ साली तिथे कोयोटींच्या (लांडग्यासारख्या रानटी श्वापदांच्या) हल्ल्यात एका तरुणीचा जीव गेला होता. शाकाहारी असाल तर डबा सोबत ठेवा, कारण वाटेवरच्या खानावळींत मासे आणि लॉबस्टरच जास्त.

आणि इथल्या स्कॉटिश वारशासाठी वेगळा दिवस राखून ठेवा. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या हायलँड्समधून आलेल्यांची गेलिक भाषा आणि फिडल इथे अजून टिकून आहेत. आयोनाच्या हायलँड व्हिलेजमध्ये त्यांची जुनी घरं पाहायला मिळतात, आणि ओलं कापड टेबलावर आपटत म्हटली जाणारी गाणी ऐकायला मिळतात. उन्हाळ्यात इनव्हर्नेस परगण्यातल्या गावोगावच्या सभागृहांत नाच असतात. ऑक्टोबरात सेल्टिक कलर्स महोत्सव भरतो आणि त्याच वेळी पानांनाही रंग चढतो, त्यामुळे खोल्या काही महिने आधीच धरा. महोत्सव संपला की बरीच हॉटेलं हंगाम संपल्यामुळे बंद होतात. कार्यक्रम कुणीही आखून देवो, पैसे भरण्याआधी प्रत्येक ठिकाणाची वेळ स्वतः फोन करून विचारा.